विहिरीचा चार्ज

"घ्या, पेन भारीतला हाय," मडिवाळप्पांनी टोपण काढून पेन पंचफुलाबाईंसमोर धरला. "खाली सही करा, म्हंजी विषय मिटला."

नर्स पंचफुलाबाईंनी पेन घेतला नाही. त्या बाळंतिणीसाठी सिरिंज उकळत होत्या आणि ती उकळेपर्यंत मडिवाळप्पांना थांबणं भाग होतं. तेलगिरणीच्या मालकाला थांबायची सवय नव्हती.

त्यांना कवठाळीच्या सरकारी दवाखान्याची जागा हवी होती. बदल्यात माळावर दुप्पट जागा देणार होते. ऐकायला सौदा झकास. फक्त दवाखान्याच्या आवारात विहीर होती आणि माळावर नुसते धोंडे. पाऊस दोन वर्षं रुसलेला. उदगीरकडच्या त्या सगळ्या पट्ट्यात विहिरींचे तळ उघडे पडले होते, पाणी टिकलं होतं ते या एका विहिरीला. आणि गावात हीच एक विहीर अशी, की तिथं घागर भरायला बौद्धवाड्यातल्या बायांना कुणाची मेहेरबानी लागत नसे. विहीर सरकारची होती, आणि नर्सबाई कुणाला जात विचारत नव्हत्या.

सरकारची म्हणजे नेमकी कुणाची, तिथं मात्र घोळ होता. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झालेला. उस्मानाबादवाले म्हणत, आता आमचा संबंध नाही; लातूरवाले म्हणत, अधिकार कुणाला ते अजून ठरायचंय. तेव्हा मडिवाळप्पांच्या वकिलानं डोकं चालवलं: दवाखान्याच्या प्रमुखाची ना-हरकत तेवढी आणा, बाकीचं वर जुळवू. डॉक्टर धड हो म्हणेनात, धड नाही म्हणेनात. शेवटी रजा टाकून ते चालते झाले आणि जाताना चार्ज नर्सबाईंच्या गळ्यात घालून गेले. बाईमाणूस आहे, वाकेल, असा सगळ्यांचा हिशेब.

"डॉक्टरसायेब येस्तोवर थांबा की," पंचफुलाबाई म्हणाल्या.

"ते कशाला? चार्ज तुमच्याकडं हाय न्हवं? तुमालाच पावर हाय."

"हाय ना. कुलूप लावायची हाय, औषध वाटायची हाय. खळं राखायला ठिवलेल्या माणसानं ज्वारी इकायची का? आयजीच्या जिवावर बायजी उदार, ते माज्यानं व्हायचं न्हाई."

"इचार करा बाई. नोकरीचा सवाल हाय."

"इचार करूनच बोलायले."

मडिवाळप्पांनी वर सूत्रं हलवली आणि आठवड्याभरात हुकूम आला. नर्सबाईंनी अहमदपूरकडच्या एका उपकेंद्रात रुजू व्हावं, चार्ज कंपाउंडर सिद्धलिंगकडे द्यावा. सिद्धलिंग मडिवाळप्पांच्या भावकीतला, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मडिवाळप्पा निर्धास्त झाले आणि तिथंच चुकले. सरकारी चार्ज म्हणजे किल्ली फेकून निघून जाणं नसतं. देणाऱ्यानं एकेक वस्तू दाखवायची, घेणाऱ्यानं हात लावून 'मिळाली' म्हणायचं. मग ती हरवली की घेणाऱ्याची मान अडकली. मडिवाळप्पांनी जन्मभर नुसतं घेतलेलं, त्यांना हा रिवाज कुठून ठाऊक असणार?

खाटा झाल्या, बाटल्या झाल्या, बाळं तोलायचा काटा झाला. सिद्धलिंग 'मिळाल्या, मिळाला' म्हणत गेला. मग पंचफुलाबाई त्याला आवारात घेऊन आल्या. विहिरीवर बायांची झुंबड होती.

"विहीर एक. पाण्यासगट," बाई मोठ्यानं म्हणाल्या. "मिळाली म्हणा, सिद्धलिंगआप्पा."

रहाट थांबला. सिद्धलिंग अडकला. 'मिळाली' म्हणावं तर उद्यापासून या विहिरीचा जाब त्याला. न म्हणावं तर चार्ज पुरा होत नाही आणि मडिवाळप्पाकाकांच्या कागदावर सही करता येत नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

"इहिरीचं कशाला, सिस्टर? इहीर काय पळून जाती?"

"जाती. म्हणून तर हातात दिऊन चालले."

बौद्धवाड्यातली म्हातारी धुरपताबाई पुढं झाली. बहात्तरच्या दुष्काळात ही विहीर खणली तेव्हा तिनं डोक्यावर माती वाहिली होती. "घे की लेकरा. तुजी माय माज्याम्होरंच असायची पाटी घिऊन. तवा न्हाई कुनी इटाळ धरला."

सिद्धलिंगनं खाली पाहिलं, वर पाहिलं. मग कठड्यावर हात ठेवला.

"मिळाली," तो पुटपुटला. आणि कुणी न सांगता म्हणाला, "पाण्यासगट."

दुपारी मडिवाळप्पा कागद घेऊन आले. सिद्धलिंग त्यांना एवढंच म्हणाला, "काका, आता ती माज्या गळ्यात हाय. समद्या बायांदेखत घेतली म्या. मला न्हाई जमायचं." मडिवाळप्पांनी सात पिढ्या काढल्या. तो मान खाली घालून ऐकत राहिला, पण सही काही झाली नाही.

पंचफुलाबाईंना हे पाहायला मिळालं नाही. त्या तेव्हा एसटीत होत्या.

नव्या गावात उपकेंद्र म्हणजे एक खोली होती. आवार नव्हतं, विहीर नव्हती. संध्याकाळी त्या घागर आणि दोर घेऊन गावविहिरीवर गेल्या. बायांनी नाव विचारलं, आडनाव विचारलं, मग घागरी जराशा बाजूला सरकवल्या.

"तितंच थांबा, नर्सबाई," एक बाई नरमाईनं म्हणाली. "आमी वाढताव वरून."

किती वर्षांनी ऐकलं त्यांनी हे. सकाळी हातानं सोपवलेली विहीर त्यांना आठवली. आता इथं त्यांच्या बाजूनं बोलायला एक धुरपताबाई नव्हती.

"नगं," त्या म्हणाल्या. "माझी मी काढते."

त्यांनी घागरीच्या गळ्याला दोर बांधला, पदर खोचला आणि घागर विहिरीत सोडली.