काजळीची वेळ

डॉक्टरीणबाईंनी सूक्ष्मदर्शकावरचा डोळा काढला, काचपट्टी केसभर सरकवली आणि पुन्हा डोळा लावला. टेबलावर काजळी कुत्री निमूट उभी होती. थोरलीने एका हाताने तिची मान धरली होती, दुसरा हात पोटाखाली होता, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने ती तिच्या कानाशी "झालं हं, झालंच" असं पुटपुटत होती.

"रक्तातल्या हार्मोनचा आकडा छान चढलाय," डॉक्टरीणबाई मान वर न करता म्हणाल्या. "बीज उद्यापर्यंत सुटेल. परवा नर आणायला काही हरकत नव्हती."

"नव्हती म्हणजे?"

"काल कुठे होती ही?"

"घरीच. कुठे असणार? माजावर आल्यापासून फाटकाबाहेर पाऊल पडलेलं नाही तिचं."

डॉक्टरीणबाईंनी स्टूल मागे सरकवलं. "तुम्हीच बघा."

थोरलीने चष्मा कपाळावर चढवला. आधी नुसतं जांभळं दिसलं. मग कडा मुडपलेल्या, वाळक्या पाकळ्यांसारख्या पेशी दिसल्या. त्या तिच्या ओळखीच्या होत्या. काजळीच्या आईच्या वेळेपासून ती त्या बघत आली होती. पण त्यांच्यामध्ये आज बारीक कणीसारखे ठिपके विखुरले होते. काहींना शेपटी होती.

"ताजे आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आपण इथे वेळ मोजत बसलो आणि कोणीतरी ती साधून गेलं."

थोरली हसली नाही. "तरी परवा कप्तानांचा कुत्रा लावला तर?"

"लावा की. पण हे आत पाच-सहा दिवस जगतात. एकाच खेपेत दोन बापांची पिल्लं होऊ शकतात. कोणतं कोणाचं, ते नुसतं बघून मी शपथेवर सांगणार नाही. इंजेक्शन देऊन सगळंच थांबवता येतं, पण या वयात गर्भपिशवी पिकायची भीती. आणि पुढच्या खेपेला तर मी नकोच म्हणेन."

पुढची खेप तशीही नव्हती. कप्तानांचा कुत्रा काजळीच्या जातीचा उरलेला एकुलता एक नर होता आणि आता मागचे पाय ओढत चालत होता. काल दुपारी थोरली मुद्दाम त्याला बघून आली होती. त्याने तिच्या तळव्याचा वास घेतला, काजळीचा वास, आणि म्हातारा क्षणभर ताठ उभा राहिला. कप्तान म्हणाले होते, "बघा, अजून धमक आहे!" ती कितीतरी दिवसांनी खळखळून हसली होती.

आणि नेमकं तेव्हाच इकडे हे झालं होतं.

काजळीला घेऊन ती पायीच निघाली. वाटेत तिने एकेकावर संशय घेऊन पाहिला. मीटर वाचणारा माणूस फाटक उघडं टाकून गेला असेल. कुंपण कुठे उसवलं असेल. घरी आल्यावर पुढच्या दाराने न जाता ती मागे वळली. कुंपण धड होतं. मागच्या फाटकाची कडी फुगलेल्या लाकडात घट्ट रुतलेली होती. फळीला गुडघा लावून दोन्ही हातांनी ओढल्याशिवाय ती निघत नसे. थोरली त्या कडीकडे बघत उभी राहिली. काजळीने दोनदा साखळीला हिसका दिला, तेव्हा कुठे ती हलली.

स्वयंपाकघरात धाकटी मटार सोलत बसली होती. साठी उलटलेली, दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधणारी बाई, पण घरात आणि गल्लीत तिचं नाव अजून बेबीच. दर खेपेला थोरली दवाखान्यातून आली की उंबऱ्यातच ती अडवायची, "आकडा किती गं, ताई?" आज तिने मान वर केली नाही.

थोरलीने साखळी सोडली. काजळी सरळ जाऊन बेबीच्या पायांवर पसरली.

"कोणता होता?"

शेंगा सोलणारी बोटं थांबली.

"बेकरीचा. तांबडा."

"तो? एका कानाचा?"

"हो."

"कडी कशी निघाली?"

"कशी निघणार? मी काढली."

तिने निदान खोटं बोलावं, असं थोरलीला वाटून गेलं. खोट्यावर ओरडता आलं असतं. ती ओट्याला टेकली. पहिली कुत्री बाबांनी ओव्हरकोटाच्या खिशातून आणली होती. नुसतं ओलं नाक बाहेर होतं. "हिला आणि हिच्या लेकीबाळींना सांभाळायचं हं, थोरले," ते म्हणाले होते. बेबी तेव्हा पाळण्यात होती.

"मी तिकडे त्या म्हाताऱ्याच्या पाया पडायची बाकी होते," थोरली म्हणाली, "आणि तू इथे फाटक उघडून उभी! परका माणूस असता तर समजले असते. तू, बेबी? ही शेवटची खेप आहे, माहीत होतं ना तुला?"

"माहीत होतं. म्हणून तर."

"म्हणून तर काय?"

बेबीने मटारची ताटली बाजूला ठेवली. "तांबड्याची पिल्लं मागायला कोणी येणार नाही, ताई."

थोरलीला अर्थ लागला नाही. तिच्या तोंडाकडे बघून बेबीच पुढे बोलली, हळू, शेंगांच्या टरफलांशी बोलावं तसं.

"मागच्या खेपेला ते अशक्त पिल्लू होतं. पंधरा रात्री कापसाने दूध पाजलं मी. 'हे तुझं,' म्हणालीस. बाजारातून आले तर टोपली रिकामी."

"न्यायाधीशांच्या सुनेचा किती आग्रह होता. आणि त्यांच्याकडे एवढी मोठी बाग..."

"हो. त्याआधी कंपाउंडरच्या मेव्हण्याचा होता. कोणी ना कोणी असायचंच."

"मग काजळी कोणाची आहे? घरातच आहे ना?"

"काजळी तुझी. तिची आई तुझी. जात चालवायला ठेवलेल्या सगळ्या तुझ्या. मी भांडी घासायला."

"मागायचं होतंस."

"मागितलं होतं, ताई."

थोरलीला एकच गोष्ट सापडली, ती तिने फेकली.

"बाबांची जात संपवलीस तू."

बेबीने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "बाबांचं म्हणशील तर आपण दोघीच आहोत," ती म्हणाली आणि टरफलं गोळा करून उठली. नळाचं पाणी भांड्यात जोरात पडू लागलं.

बाहेरच्या खोलीत फोन वाजला. थोरलीने बराच वेळ वाजू दिला.

"काय म्हणते मग चाचणी?" कप्तानांचा आवाज उत्साहात होता. "नवरदेवाला आज आंघोळ घातली. परवा सकाळीच आणू ना?"

"नका आणू."

"का हो?"

"उशीर झाला."

"अहो, काल तर लवकर आहे म्हणत होतात! किती उशीर? एखाद्या दिवसाचा?"

थोरलीने फोनची वायर बोटाला गुंडाळली. स्वयंपाकघरातला नळ बंद झाला होता, पण भांड्यांचा आवाज येत नव्हता.

"नाही," ती म्हणाली. "बऱ्याच वर्षांचा." आणि कप्तान पुढे काही विचारायच्या आत तिने फोन ठेवला.