आधी भाऊ हसले

खांद्यावरून घसरणारी शाल योगेंद्रने डाव्या हाताने धरून ठेवली आणि उजव्या हाताने घडीचा कागद उघडला. माइक त्याच्या तोंडापेक्षा बराच खाली होता. कोणी येऊन तो वर करील म्हणून तो क्षणभर थांबला, मग स्वतःच वाकला.

समोरच्या सोफ्यावर या भागाचे पुढारी यादोभाऊ बसले होते. आज त्यांचा वाढदिवस. कोंढ्याच्या बाजारचौकात मंडप उभारला होता आणि सत्कारमूर्तींत ‘आपल्या भागातले विनोदी लेखक’ म्हणून योगेंद्रचेही नाव होते. साप्ताहिकातल्या सदरात वर्षभर ज्या माणसाची तो टर उडवत आला, त्याच माणसाने आता त्याला शाल पांघरली होती, हातात नारळ दिला होता आणि कानाशी वाकून म्हटले होते,

“सर, थे रपट्यावालं वाचा. घरी दोनदा वाचलं मी. लय हासू आलं मले.”

आठवडाभर योगेंद्रला धड झोप नव्हती. धमकी आली तर काय करायचे, हे त्याने केव्हाच ठरवून ठेवले होते. निमंत्रण आले तर काय, याचा विचारच केला नव्हता. राजकीय उपरोधावर तो नागपूरला पीएचडी करत होता. सत्तेला सगळ्यात जास्त भीती हसण्याची वाटते, असे त्याने पहिल्याच प्रकरणात लिहिले होते, आणि मार्गदर्शकांनी त्या वाक्याशेजारी ‘छान’ असा शेरा मारला होता.

भाऊंच्या शेजारी टेकचंद बसला होता. योगेंद्र ज्या कनिष्ठ महाविद्यालयात तासिकेवर शिकवत होता, त्या संस्थेचा हा सचिव. सकाळीच त्याचा फोन आला होता.

“जूनपासून तुमाले कायम करू मनतो. भाऊचा एक शब्द पायजे फक्त. आज या मात्र.”

योगेंद्र आला होता, पण लेखात चार ओळी वाढवून. त्या भाऊंच्या तोंडावर वाचायच्या, मग नोकरीचे काय व्हायचे ते होवो, असे मनाशी म्हणत तो आला होता.

तो वाचू लागला. गावाबाहेरच्या नाल्यावरचा रपटा, पावसाळ्यात पाण्याखाली जाणारा. त्याच्या जागी पूल व्हायचा होता आणि दर निवडणुकीआधी त्या पुलाचे भूमिपूजन होत होते.

“पाहुणे बदलतात, फलक बदलतो. कुदळ मात्र तीच असते. इतक्या वेळा ऐकून आता तिलाही भाषण पाठ झाले आहे.”

भाऊंचे खांदे हलले. ते मान मागे टाकून मोठ्याने हसले. मग टेकचंद हसला, मग दुसरी रांग, मग तिसरी. पंगतीत भात वाढत न्यावा तसे हसू पुढून मागे सरकत गेले. योगेंद्रला बरे वाटले. पुढचे वाक्य त्याने जरा चढ्या आवाजात घेतले. ते वाढवलेल्या ओळींपैकी होते आणि त्यात भाऊंचे थेट नाव होते. तो वाचून थांबला. मंडपात कोणी हसले नाही. सगळ्या माना सोफ्याकडे वळल्या होत्या. भाऊंनी मांडीवर थाप मारली आणि ते हसले, तशा माना परत वळल्या आणि सगळा मंडप हसला.

हे एकदा लक्षात आल्यावर त्याला दुसरे काही दिसेना. वाक्य, माना, भाऊ, हसू. कपाळावर घाम आला. तो भरभर वाचू लागला आणि दोनदा अडखळला. अडखळला तेव्हाही भाऊ हसले आणि लोकही हसले.

मग त्याला मागच्या खांबाला टेकून उभा असलेला तेजराम दिसला.

गेल्या श्रावणात तेजरामची बायको सत्यवती धानाच्या रोवण्यावरून परत येताना त्याच रपट्यावरून वाहून गेली होती. दुसऱ्या दिवशी ती खाली झुडपात सापडली. त्या आठवड्यात योगेंद्रने हा लेख लिहिला. तिच्याबद्दल लिहिलेली ओळ त्याने खोडली होती, कारण त्या ओळीनंतर लेख पुढे सरकत नव्हता.

तेजरामही हसत होता. थोडा उशिरा, गळ्यातल्या दुपट्ट्याने तोंड झाकून, पण हसत होता.

योगेंद्रने कागद खाली घेतला.

“या रपट्यावरून तेजरामभाऊची बायको गेली,” तो म्हणाला. “सत्यवतीबाई. पूल असता तर ती घरी आली असती. पुलाचा पैसा मंजूर होता. काम झालं नाही. यात विनोद काही नाही.”

माना सोफ्याकडे वळल्या. भाऊ हसले नाहीत. लोक तसेच बसून राहिले. कुठे पाहायचे ते कोणालाच कळत नव्हते.

भाऊ उठले, मंचावर आले आणि योगेंद्रच्या पाठीवर हात ठेवून त्यांनी माइक आपल्याकडे वळवला.

“आज सरांचा मूड नाई दिसत. पुढच्या वर्षी आपन पुलावरच कार्यक्रम ठेवू. मंग तं हासवतीन नं?”

मंडप हसला. मघापेक्षा जोरात, सुटल्यासारखा. लाउडस्पीकरवरून नाश्त्याची सूचना झाली.

मंचाच्या पायऱ्यांशी टेकचंद भेटला. मोबाइलमधून डोके वर न काढता म्हणाला,

“उद्याचे तास नोका घेऊ. कळवतो मी.”

योगेंद्रने शाल काढून खुर्चीवर ठेवली, नारळ तिच्यावर ठेवला आणि तो बाहेर पडला. घर दूर नव्हते, पण पाय घराकडे वळेनात. तो उलट्या दिशेने, शेतांच्या रस्त्याने भराभर चालत सुटला. मागून मोटारसायकल आली आणि त्याच्या बाजूने हळू चालू लागली. तेजराम होता.

“मले पाहून थांबले नं तुमी?”

योगेंद्र चालतच राहिला. “तुमीबी हासले म्हणून.”

“भाऊले पाहून नाई हासलो, जी.”

योगेंद्र थांबला. तेजरामनेही पाय टेकले.

“कुदळीले भाषन पाठ झालं मनलं नं तुमी, तवा आलं हासू. तिले लय आवडलं असतं थे.”

“कोणाले?”

“सत्यवतीले. पेपर आला का मी तिले तुमचंच वाचून दाखवो. चुलीपाशी बसून हासत राहे. भाजी करपे.” तो दुपट्ट्याने हँडल पुसू लागला. “हा पेपर आला तवा थे नव्हती. मी उघडलाच नाई. आजच आयकलं. अन तुमी अर्ध्यातच थांबले.”

“तिचं नाव नव्हतं त्यात,” योगेंद्र म्हणाला. “मी टाकलंच नव्हतं.”

“नसन.”

धान कापून झालेल्या बांध्यांतून वारा येत होता. तेजरामने गाडी बंद केली, स्टँडवर लावली आणि सीटला टेकून उभा राहिला.

“पुढं काय होतं?”

योगेंद्रने खिशातून कागद काढला. घामाने तो ओलसर झाला होता. कुठवर वाचले होते ते सापडायला वेळ लागला.

“भूमिपूजनाचे नारळ नाल्यात पडून पडून रुजले आहेत,” त्याने वाचले. “झाडे मोठी झाली की त्यातलेच एक आडवे पाडायचे. पूल तयार.”

त्यापुढे त्याला वाचवेना. तेजराम समोरच्या बांध्यांकडे पाहत होता.

“हां,” तेजराम म्हणाला. “मंग?”