उठायला लागणारी जागा

कल्याणप्पानं गावच्या पटेलाच्या हातातली पहार काढून घेतली आणि बांधापलीकडं फेकली.

"दगडाला हात लावू नका."

दगड सातच होते. पौषात बायकोला, नीलम्माला, त्यांच्या रीतीप्रमाणं रानातच बसवून माती दिली, तेव्हा त्यानंच ते मांडले होते. तेव्हापासून त्याचा पाय घरात ठरत नव्हता. दिवसातून चारदा तो रानात येई, दगड चाचपून परत जाई.

काल दुपारी त्याच रानात ते विमान उतरलं. पुढं पंखा, डोक्यावर चकरीसारखी तीन लांब पाती. नळी फुटून इंजिन बंद पडलं, तरी वरची पाती वाऱ्यानं फिरतच राहिली आणि खुडूक कोंबडी अंड्यावर बसावी तसं ते जागेवर बसलं.

हैदराबादच्या वैमानिकानं सकाळी नळी सांधली. पण उतरायला जागा लागली नाही तरी उठायला धावावं लागतं, तेही वाऱ्याच्या तोंडावर, असं त्यानं सांगितलं. वारा पश्चिमेचा होता. त्या बाजूला एकच सपाट पट्टी होती, आणि तिच्यावर ते दगड.

पटेलाला तहसीलदाराची धास्ती.

"बायकोपायी सरकारचं इमान अडवून धरतूस व्हय?"

"वारा फिरू द्या. दुपारी फिरतोय."

दुपार कलली, वारा फिरला नाही. कल्याणप्पा या बांधावरून त्या बांधावर जात होता, मुठीतली माती सोडून बघत होता. वैमानिक पट्टी पावलांनी मोजत दगडांशी आला. त्यानं बूट काढले आणि कोण आहे, असं हळूच विचारलं.

"घरवाली," कल्याणप्पा म्हणाला.

वैमानिकानं विमानातली पेटी आणि हत्यारं खाली उतरवली. वजन कमी केलं तर दगडांच्या अलीकडंच उठेल, असं त्याला वाटत होतं.

"आन् न्हाय उठलं तर?"

"नै उठा तो मैं बी यहींच बैठता," तो हसून म्हणाला.

कल्याणप्पा त्याच्या तोंडाकडं बघत राहिला. मग वाकला. एकेक दगड उचलून त्यानं बांधावर नेला, पटेलाला हात लावू दिला नाही. माती तळव्यानं सपाट केली.

विमान धावलं आणि त्या जागेच्या चांगलं वीस पावलं अलीकडंच उठलं.

"उगंच उचललेस की," पटेल म्हणाला. "चल, परत मांडू लागतो."

कल्याणप्पा बांधावर टेकला. सकाळपासून तो पहिल्यांदाच बसला होता.

"राहू द्या, पटेल. तिला नांगराचा तास वाकडा गेलेला खपत नव्हता. औंदा सरळ घालतो."