त्रिशुळातला झटका

रविवारी सकाळी नऊलाच माळावर दोनशे माणसं रांगेत होती. धाराशिवकडच्या वाशीहून तीन टमटम भरून आले होते, त्यातल्या एकात मी आणि माझी आई, मालनबाई. पत्र्याच्या शेडमध्ये ओल्या मातीत लोखंडी त्रिशूळ रोवलेला आणि शेजारी लाकडी पाटावर बलभीम महाराज उभे. लोक अनवाणी पुढं जायचे, त्रिशूळ धरायचे आणि दचकून मागं सरायचे. एक म्हातारी तर रडायला लागली. मागचे हात जोडत होते.

"शंका घेऊन धरू नका," महाराज सांगत होते. "ज्याला झटका बसला, त्याचा रोग हलला. ज्याला बसला न्हाय, त्याची श्रद्धा कच्ची. त्यानं फुडच्या रविवारी परत यायचं."

म्हणजे काहीही झालं तरी महाराजांचंच खरं.

आईला बारा वर्षांपासून साखर आहे. पावलं इतकी बधिर की चप्पल निसटली तरी तिला कळत नाही. आमच्या घरात बुद्धवंदना होते, असल्या ठिकाणी कुणी जात नाही. म्हणून शेजारचे गुलाबमामा तिला तीन रविवार इथं आणत होते, हे तिनं माझ्यापासून लपवलं. मला कळलं ते फ्रिजमुळं. महिन्याचं इन्सुलिन जसंच्या तसं पडलं होतं आणि तिच्या पायाच्या अंगठ्याखाली रुपयाएवढी जखम झाली होती.

"म्हाराज म्हणले, सुई बंद कर," ती म्हणाली. "आन् मला पायात जाणवलं बग. सा वर्सांत पयल्यांदा."

मला राग यायला हवा होता. आला नाही. दवाखान्यात चल म्हटलं, तर चौथा रविवार झाल्यावर येते म्हणाली. म्हणून मी तिच्या आणि मामांच्या सोबत आले.

माझा नंबर आला. त्रिशूळ धरला. झटका बसला. सेकंदभर काही नाही, मग पुन्हा तसाच. पुन्हा सेकंदभर, पुन्हा तसाच. हा झटका माझ्या ओळखीचा होता. वाशीत माझं विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे.

ते दुकान शाळेतून निघालं. आठवीत कार्यानुभवाच्या तासाला मुलींना भरतकाम आणि मुलांना वायरिंग असायचं. मी सिद्रामप्पा सरांना म्हटलं, मला दोन्ही शिकायचंय. त्यांनी काही न बोलता पकड माझ्या हातात दिली. फळीवर बॅटरी, बटण आणि दिवा जोडायला लावला. म्हणाले, "करंटला जायला वाट लागते, तशी परत यायलाही लागते. ती वाट शोधायची." भरतकामाच्या क्षमाबाई सांगायच्या, टाका कळत नसेल तर कापड उलटं करून बघ. गणितात मी कशीबशी पास व्हायचे. पण शनिवारच्या त्या दोन तासांमुळं आयटीआयला गेले, आणि आता तालुक्यातले शेतकरी जळालेल्या मोटारी आणि कुंपणाची बिघडलेली यंत्रं माझ्याकडं आणतात.

"महाराज," मी म्हटलं, "पाटावरून खाली उतरा. ओल्या मातीत अनवाणी उभं राहून तुम्ही धरा."

"देव सोताला झटका देत न्हाय, बाई."

मी शेडच्या मागं गेले. त्रिशुळाच्या बुडातून निघालेली वायर मातीखालून पत्र्याबाहेर आली होती. पोत्याखाली एक डबा टक टक करत होता, शेजारी बॅटरी. डब्याची दुसरी वायर ओल्या मातीत खोचलेली. मी बॅटरीची क्लिप काढली. टकटक थांबली. डबा उचलून मी रांगेपुढं आणून ठेवला.

"गुलाबमामा, हे काय आहे?"

मामा वाकले. "झटका मशीन हाय," ते हळूच म्हणाले. "डुकरासाठी. माज्या बी शेताच्या तारेला हाय."

"आता त्रिशूळ धरा."

त्यांनी धरला. काही झालं नाही. त्यांच्यामागं आणखी चौघांनी धरला. कुणी ओरडलं नाही, कुणी महाराजांच्या अंगावर गेलं नाही. लोक आपापल्या चपला शोधायला लागले. महाराज पाटावरच उभे होते. मी फोन केल्यावर दुपारी पोलिसांनी येऊन डबा जप्त केला आणि जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदवला.

आईला त्याच दिवशी धाराशिवला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी अंगठा काढला. आठवडाभर आधी आणलं असतं तर वाचला असता, म्हणाले.

ड्रेसिंग चालू असताना आई छताकडं बघत होती. तिला दुखत नव्हतं.

"तितं जाणवलं व्हतं गं," ती म्हणाली.

"जाणवलं ते खरंच होतं, आई. करंट होता तो. जनावर पळवायला सोडतात तो. त्यानं रोग बरा होत नाही."

"मग ह्या सुईनं का जाणवत न्हाय?"

मी डॉक्टरांना विचारलं. ते स्पष्ट म्हणाले, साखरेनं नसा मेल्यात, गेलेली जाणीव परत येईल का ते मला माहीत नाही, पण सुई चालू ठेवली तर पाय राहील. आईनं दंड पुढं केला.

जो माणूस "मला माहीत नाही" म्हणू शकतो, त्याच्यावर विश्वास ठेवा. जो औषध बंद करायला सांगतो, त्याच्या रांगेतून बाहेर या. आणि चमत्कार पाहिलात तर हात जोडण्याआधी एकदा मागच्या बाजूला जाऊन या. तिथं काहीच नसेल, तर दहा पावलांपलीकडं तुमचं काही गेलेलं नसेल.