अकरा चौकटी

मोहाचं झाड फेब्रुवारीत पानं टाकतं.

उपग्रहाच्या प्रतिमांची फीत पत्र्याच्या गोल डब्यात येते. झाकण इतकं घट्ट की नख तुटतं.

फत्तेसिंहरावांना शेवउसळीवर तर्री जास्त लागते.

रेवलीबेनच्या शेजाऱ्याने नवी करवत आणली.

पंच्याऐंशी टक्के.

हे सगळं शेवटी हेरंबच्या गळ्यात पडलं. हेरंब तरसालीत राहणारा, वय एकोणतीस. बडोद्याच्या एका नकाशा-कचेरीत उपग्रहाच्या प्रतिमा वाचायची नोकरी. साल पंच्याण्णव. पूर्वेकडच्या डोंगरांचा नकाशा चालला होता: जंगल हिरवं, शेती पिवळी. उतारावर कसणाऱ्यांपैकी कुणाच्या नावावर जमीन करायची आणि कुणाला उठवायचं, हे सरकार त्यावरून ठरवणार होतं. हेरंबने हट्टाने तिसरा रंग घातला होता, नारिंगी. बांधावर झाडं, झाडांखाली पीक: झाडशेती. त्या रंगाचं त्याला कोण कौतुक!

ऑक्टोबरात तो पडताळणीला डोंगरात गेला. रेवलीबेनचं शेत त्याला तिथेच भेटलं. तीसेक मोह, थोडा साग, खाली मका. सगळी झाडं तिने आणि तिच्या मेलेल्या नवऱ्याने लावलेली. ती कुऱ्हाडीला धार लावत बसली होती.

"शेजारी म्हणतो, कापून टाक. शेत मोकळं दिसलं पाहिजे."

"एकही कापू नका, बेन," हेरंब गुजरातीत म्हणाला. "वरून सगळं दिसतं. तुमच्यासाठी मी वेगळा रंग ठेवलाय."

"आत्ता कुठे दिसणार? पानं आहेत वर. महुडो पान टाकतो तेव्हा बघ. जंगल सुकतं, माझ्याकडे खाली हरभरा हिरवागार असतो."

हेरंबने ते वहीत उतरवून घेतलं. तिने कुऱ्हाड आत ठेवली.

डिसेंबर. टेबलावर शेवउसळ, शेजारी तक्ता. शंभर ठिकाणी जाऊन नकाशा ताडून पाहिला होता. जंगल नव्वद टक्के बरोबर, शेतीही तशीच. नारिंगी एकसष्ट. सगळं मिळून एकोणऐंशी. पंच्याऐंशीच्या खालचा नकाशा कुणी घेत नाही.

"हेरंबकुमार, तुमचं लाडकं लेकरू नापास झालं," फत्तेसिंहराव म्हणाले. "सगळ्या वर्गाची सरासरी खाली ओढतंय."

"साहेब, ऑक्टोबरच्या प्रतिमेत पानांखालचं दिसत नाही. फेब्रुवारीची घेतली तर..."

"सोमवारी नकाशा द्यायचाय. फेब्रुवारीची फीत चढवून वाचायला आठवडा जाईल. झाडं आहेत ना? मग जंगलात टाका."

"पण ती शेतं आहेत."

"वरून?"

शेजारच्या टेबलावरची मंदाकिनी हसली. "टाक रे, हेरंब. डोंगरातल्या बाया काय तुझी सरासरी बघायला येणार आहेत?"

हेरंबने नारिंगीला हिरव्याचा क्रमांक दिला. एक कळ दाबली. रेवलीबेनचं शेत पडद्यावर अकरा चौकटींचं होतं. त्या हिरव्यात गेल्या. अचूकता सत्याऐंशी झाली. फत्तेसिंहरावांनी आपल्या हाताने त्याच्या बशीत तर्री वाढली.

त्याने ती खाल्ली.

जानेवारीत रेवलीबेन आली. एसटीने, तुरीच्या शेंगांची पिशवी घेऊन. "माझं शेत दाखव."

मंदाकिनी मान खाली घालून कान देऊन बसली. हेरंबने नकाशा पसरला, रेवलीबेनचं बोट धरलं, हिरव्यावर टेकवलं.

"आणि शेजाऱ्याचं?"

"हे. पिवळं."

ती खदखदून हसली. "मेल्याने सगळी झाडं कापली ना! बघ, कसं वाळून गेलंय! आणि माझं बघ!" तिने हिरव्यावरून तळहात फिरवला. "तू म्हणालास ते खरं झालं, भाई. हा माझाच रंग ना?"

फत्तेसिंहराव दारात उभे होते.

"हो," हेरंब म्हणाला.

शेंगा मंदाकिनीने आणि त्याने निम्म्या निम्म्या वाटून घेतल्या.

जूनमध्ये कचेरीत फोन आला. पलीकडे डोंगरातला कुणी वनअधिकारी, त्रासलेला. "इथे एक बाई झाडाला मिठी मारून बसलीये. म्हणते, वडोदऱ्याच्या हेरंबभाईला विचारा, त्याने नकाशात माझं शेत दाखवलंय. तुम्हीच का?"

मागून तिचा आवाज येत होता. "विचारा, विचारा त्याला!" त्या आवाजात भीती नव्हती. साक्षीदार सापडलेल्या माणसाचा आवाज होता तो.

हेरंबने फत्तेसिंहरावांकडे पाहिलं. त्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

"नकाशात ते जंगल आहे," हेरंब म्हणाला.

"नकाशा बरोबर आहे ना?"

"सत्याऐंशी टक्के."

"बस, मग झालं."

पुढे शेजाऱ्याला त्याच्या जमिनीचा कागद मिळाला. रेवलीबेन करजणकडे कापूस वेचायला गेल्याचं ऐकिवात आलं. तिची झाडं कुणी कापली नाहीत. जंगलातली झाडं कापायला आता बंदी होती.

फेब्रुवारीची फीत आदल्या सप्टेंबरातच आली होती आणि हेरंबच्या कपाटात, दुसऱ्या खणात, डब्यात बंद होती.