पिशवीतली फांदी

धाकट्याने लावलेला गुलाब गवंड्यांनी मारला. भिंतीला गिलावा करून उरलंसुरलं सिमेंटचं पाणी बेट्यांनी थेट त्याच्या बुंध्यात ओतलं. धाकटा गेला होताच, आता त्याचं झाडही गेलं. एक फांदी तेवढी हिरवी राहिली होती.

त्याची मोठी बहीण रोपवाटिकेत कामाला. तो ताई म्हणायचा, म्हणून आईसुद्धा तिला ताईच म्हणे. ताईने ती फांदी कापली, पानं अर्धी छाटली, कुंडीत खोचली आणि वरून प्लास्टिकची पिशवी बांधली.

"अगं, पानं कशाला कापलीस बिचाऱ्याची?" आई कळवळली.

"याला अजून मुळं नाहीत, आई. म्हणजे पाणी प्यायला तोंडच नाही. पानं मात्र आतलं पाणी दिवसभर हवेत सोडत बसणार. पिशवीत ओल कोंडली की कमी सोडतील. मुळं फुटेपर्यंत पिशवीला हात लावायचा नाही. कळलं?"

"न कळायला काय झालं!"

दुसरी फांदी मिळायची नव्हती. ताई त्या कुंडीला तळहाताच्या फोडासारखं जपायची. सकाळी पिशवीच्या आत थेंब दिसले की तिचा जीव भांड्यात पडायचा. एक दिवस कोंभाने डोकं वर काढलं आणि ताई चक्क गुणगुणत कामाला गेली.

त्या संध्याकाळी ती घरी आली, तर पिशवी दोरीवर वाळत घातलेली. धुऊन, चिमटा लावून! कुंडी उन्हाच्या खिडकीत. पानं सुरकुतलेली, कोंभाने मान टाकलेली. मातीचा मात्र चिखल झालेला.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आई! काय करून ठेवलंस हे? किती वेळा सांगितलं होतं तुला!"

"अगं, गुदमरत होतं ते," आई म्हणाली. "आतून नुसती वाफ धरली होती. दवाखान्यात त्याच्या मास्कला धरायची ना, तश्शी."

ताईने दोरीवरची पिशवी काढून हातात घेतली.

"तो सारखा काढायचा गं मास्क. आई, नको म्हणायचा. आणि मी मेली पुन्हा पुन्हा त्याच्या नाकावर बसवत राहिले. डॉक्टर म्हणाले होते ना, काढू देऊ नका." आईने हातानेच डोळे पुसले. "आज म्हटलं, याला तरी मोकळा श्वास घेऊ दे."

ताईने फांदीला बोट लावून पाहिलं. रोजचं काम तिचं, लगेच कळलं. फांदी आतून कोरडी पडली होती. पिशवी पुन्हा चढवण्यात काही अर्थ नव्हता. तिला रडू कोसळणार होतं, पण आई तिच्याच तोंडाकडे बघत बसली होती.

"दुपारपासून पाणी घालतेय, तरी मान वर करत नाही बघ. उद्या उठेल ना गं?"

"उठेल," ताई म्हणाली.

"मग तू घाल थोडं. तुझ्या हाताला गुण आहे."

ताईने भांडं घेतलं आणि त्या चिखलात आणखी पाणी ओतलं.