किंकाळ्यांची पेटी, नंबर एक्केचाळीस

घाबरू नका मित्रांनो, माझ्या दारातून जो हात बाहेर आलेला दिसतो तो छापील आहे. मी पुठ्ठ्याची एक जुनी पेटी आहे, पण ऐरीगैरी नव्हे. टीव्हीवर एके काळी भयकथांची एक मालिका लागायची. दर आठवड्याला नवी गोष्ट, नवी माणसं, नवं भूत. ती बंद होऊन पुष्कळ वर्षं लोटल्यावर तिचे सव्वीसच्या सव्वीस भाग सात डीव्हीडींवर आले, आणि हौशी संग्राहकांना त्या ऐटीत ठेवता याव्यात म्हणून माझा जन्म झाला. आम्ही तीनशे बहिणी. माझ्या पाठीवर सोनेरी आकड्यांत एक्केचाळीस लिहिलेलं आहे.

माझा आकार जुन्या कपाटाचा, दार किलकिलं असलेल्या. माझा चित्रकार महाहट्टी. त्या हाताची नखं बोटांना लागली पाहिजेत, असं म्हणत त्याने ती उठावात छापून घेतली आणि त्यापायी छपाईवाल्याला चार वेळा कामाला लावलं. छपाईवाला म्हणाला, भूत परवडलं, पण हा माणूस मानगुटीवरून उतरत नाही. माझं आतलं काळं मखमली अस्तर एका बाईंनी हातांनी चिकटवलं, एकही सुरकुती न ठेवता. शेवटी माझ्या पोटात चाळीस पानांची एक पुस्तिका ठेवली, वरून पारदर्शक प्लास्टिक घट्ट ताणून बसवलं आणि मी नटूनथटून जगात निघाले.

मला घेतलं एका घड्याळजींनी. त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत घड्याळं दुरुस्त करायचं टेबल होतं आणि त्यामागे काचेचं कपाट. त्या कपाटात मला मधली जागा मिळाली. ते रोज धूळ पुसायचे, ऊन आलं की पडदा ओढायचे, आणि कुणी जवळ आलं की अभिमानाने बजावायचे की हात लावू नका, पॅकबंद आहे. ते ऐकून मला मूठभर मांस चढायचं. न उघडणं हाच माझा मोठेपणा, असं मलाही वाटू लागलं होतं.

घड्याळजींची थोरली बहीण रोज दुपारी चहाला यायची. तिला सगळे ताई म्हणत. लग्नाआधी ती आवाज मुद्रित करायच्या एका स्टुडिओत होती. माझ्या याच मालिकेतल्या नट्यांना रडता यायचं, बेशुद्ध पडता यायचं, पण किंकाळी काही जमायची नाही. कुणाचा आवाज फाटायचा, कुणाला ठसका लागायचा. म्हणून पडद्यावर तोंड उघडायचं नटीने आणि किंकाळी मारायची ताईने. विहिरीत पडतानाची वेगळी, आरशात पाहतानाची वेगळी, असं ती रंगून सांगायची. पण भाग संपल्यावर जी नावं सरकत जायची त्यांत तिचं नाव कधीच आलं नाही. आता तर तिचा घसा कायमचा बसला होता, त्यामुळे करून दाखवायचीही सोय उरली नव्हती. घड्याळजींची मुलगी चेष्टा करायची, "आत्या, तुझी किंकाळी म्हणजे भुतासारखीच. ऐकून सगळ्यांना माहीत, पाहिलेलं कुणीच नाही." ताईसुद्धा हसायची. मग हळूहळू तिने तो विषय काढणंच सोडून दिलं. ते मला फार लागलं.

कारण मित्रांनो, मला ठाऊक होतं. ज्या बाईंनी माझी पुस्तिका तयार केली, त्यांनी स्टुडिओतले जुने कागद उपसून राबलेल्या प्रत्येकाचं नाव शोधून काढलं होतं. ताईचं नाव माझ्या पोटात होतं, चौतिसाव्या पानावर. ती माझ्यापासून चार हातांवर चहा पीत बसायची आणि मला तोंड उघडता येत नव्हतं. 'नवी कोरी' म्हणून मिरवायची मला पहिल्यांदा लाज वाटली.

एके दिवशी पांढरे सुती हातमोजे घालून एक दातांचे डॉक्टर आले. तेही संग्राहकच. त्यांच्याकडे चाळीस आणि बेचाळीस नंबरच्या माझ्या बहिणी होत्या. मधली फट त्यांना पडलेल्या दातासारखी सतत टोचत होती. माझ्या बदल्यात त्यांनी खिशातलं एक जुनं घड्याळ आणलं होतं, घड्याळजी कित्येक वर्षं ज्याच्या शोधात होते ते. सौदा ठरलाच. अट एकच, वेष्टण शाबूत हवं.

मुलीने विचारलं, आत असतं तरी काय? डॉक्टर म्हणाले, त्यांनीही आपल्या दोन्ही पेट्या कधी उघडल्या नव्हत्या. पण जाहिरातीत लिहिलं होतं म्हणे, की पुस्तिकेत झाडून सगळ्यांची नावं आहेत, अगदी चहा देणाऱ्याचंसुद्धा.

ताईची कपबशी हातातच राहिली. तिने अगदी हळू विचारलं, एकदा बघता येईल का? डॉक्टरांनी अदबीने सांगितलं की वेष्टण फाडलं तर पेटी त्यांच्या कामाची राहणार नाही. ताई लगेच उठली.

"राहू दे रे," ती भावाला म्हणाली. "त्यातही नसलं, तर मग मी काय करू? न बघितलेलंच बरं."

घड्याळजी तळहातावरच्या घड्याळाकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी ते डॉक्टरांना परत दिलं आणि टेबलावरचं पातळ पातं उचललं. डॉक्टरांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून डोळे मिटले, त्यांचे रोगी मिटतात तसे.

प्लास्टिक सर्रकन फाटलं. इतक्या वर्षांनी माझ्या अंगाला वारा लागला. मुलगी पुस्तिका उलगडून एकेक नाव वाचू लागली. नट, नट्या, लेखक, दिवे सांभाळणारे. पानं संपत आली तशी ताई खिडकीबाहेर बघू लागली. मग मुलीचं बोट थांबलं.

"सर्व सव्वीस भागांतल्या किंकाळ्या," तिने वाचलं आणि पुढचं नावही वाचलं. मग तेच पुन्हा एकदा, मोठ्याने. या वेळी तिच्या आवाजात चेष्टा नव्हती.

ताईने चष्मा लावून त्या ओळीवर बोट ठेवलं. "माहेरचं नाव छापलंय रे," ती म्हणाली. "आपलं आडनाव."

घड्याळजींनी हातातलं पातं टेबलावर ठेवलं. "आणि मीच ते झाकून ठेवलं होतं गं," ते म्हणाले.

डॉक्टरांनी घरी जाऊन चाळीस नंबरचं वेष्टण फाडलं, असं नंतर कळलं. बेचाळीस अजून पॅकबंद आहे. माणूस एकदम सुधारत नाही.

मित्रांनो, आज माझा एक कोपरा चेपला आहे, अस्तरावर चहाचा डाग आहे आणि संग्राहक माझ्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. तरी माझी मान ताठ आहे. घरी कुणीही आलं की मुलगी आधी मला पुढे करते. तुम्हीही तुमच्या वस्तू जपा, जरूर जपा, पण त्यांना उपाशी ठेवून जपू नका. ज्या कुणी राबून त्या केल्या, त्यांचं काहीतरी त्या वस्तूंच्या पोटात असतं.

ताईचं नाव मात्र मी इथे सांगणार नाही. हात स्वच्छ धुऊन या, मला उघडा, चौतिसावं पान काढा आणि ते मोठ्याने वाचा.